संपादक मंडळात स्वागत: नव्या सदस्यांचे नेहमीचे प्रश्न

दर दोन वर्षांनी बडोद्यातून मराठीत निघणाऱ्या, लोकप्रशासनावरच्या आपल्या त्रैमासिकाच्या संपादक मंडळात काही नवी मंडळी येतात आणि पहिल्या महिन्यात साधारण तेच प्रश्न फोनवर विचारतात. या खेपेला दोन प्राध्यापक, एक निवृत्त मामलतदार, महापालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले एक अभियंते आणि ग्रामपंचायतींबरोबर काम करणाऱ्या एक ताई आल्या आहेत. सगळ्यांचं मनापासून स्वागत. उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. जिथे मला बोलायला आवडतं तिथे ती लांबली आहेत, त्याला इलाज नाही.

नियुक्तीचं पत्र मिळालं. आता मी नेमकं काय करायचं?

स्वीकाराचं दोन ओळींचं पत्र पाठवा. सोबत पाच ओळींचा परिचय पाठवा, पंधरा ओळींचा नको. मग दोन याद्या करा: कोणत्या विषयांवरचे लेख तुम्ही डोळसपणे वाचू शकता आणि कोणते नाही. आम्हाला दुसरी यादी जास्त उपयोगी पडते. पहिल्या यादीत सगळेच जण 'स्थानिक स्वराज्य, सुशासन, ई-गव्हर्नन्स, मानव संसाधन' लिहितात. दुसऱ्या यादीत 'मला संख्याशास्त्र येत नाही' असं कुणी प्रामाणिकपणे लिहिलं, की त्या माणसाकडे आम्ही चुकीचा लेख पाठवत नाही आणि सगळ्यांचे दोन महिने वाचतात.

हे पद मानाचं आहे की कामाचं?

कामाचं. शाल-श्रीफळ एकदा मिळेल, पहिल्या बैठकीत. त्यानंतर वर्षाला साधारण चार ते सहा लेख वाचायला येतील. वर्षभरात एकही परीक्षण आलं नाही, तर पुढच्या वर्षीच्या मुखपृष्ठामागच्या पानावर नाव नसतं. त्यात राग नाही, भांडण नाही आणि पत्रव्यवहारही नाही.

मी प्राध्यापक नाही. आयुष्य कचेरीत गेलं. शोधनिबंधांवर मी काय बोलणार?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचीच आम्हाला जास्त गरज आहे. एक उदाहरण देतो. माहिती अधिकाराच्या अर्जांवरचा एक लेख आमच्याकडे आला होता. आकडे व्यवस्थित, तक्ते देखणे, निष्कर्ष असा की अमुक कार्यालय बहुतेक अर्ज मुदतीत निकाली काढतं. दोन प्राध्यापकांनी लेख पास केला. तिसरे वाचक निवृत्त अव्वल कारकून होते. त्यांनी एकच ओळ लिहिली: "निकाली म्हणजे उत्तर दिलं, की दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग केलं?" २००५ च्या कायद्यात कलम ६(३) खाली अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करता येतो, आणि वर्ग झालेला अर्ज नोंदवहीतून 'गेला'. लेखकानं पुन्हा मोजदाद केली तेव्हा निष्कर्ष जवळपास उलटा झाला. तो सुधारलेला लेख आम्ही छापला आणि तो अजून वाचला जातो.

हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसतं. आवक-जावक नोंदवही ज्यानं वर्षानुवर्षं लिहिली आहे त्यालाच ते दिसतं. तेव्हा 'मी काय बोलणार' हे मनातून काढून टाका. 'सैद्धांतिक चौकट' वगैरे भाग दुसरे वाचक बघतात.

बडोद्यातून, तेही मराठीत, लोकप्रशासनाचं नियतकालिक कशासाठी?

गंमत अशी, की हा प्रश्न पुण्या-मुंबईचे लोक विचारतात, बडोद्याचे नाही.

आपल्याकडे लोकप्रशासनाचा अभ्यास म्हटलं की गाडी १८८७ मधल्या वूड्रो विल्सनच्या (पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले ते) निबंधावरून निघते, १९५४ मध्ये दिल्लीत भारतीय लोकप्रशासन संस्था स्थापन होते तिथे थांबते आणि मग थेट पंचायतींच्या ७३ व्या घटनादुरुस्तीवर पोहोचते. मधली स्टेशनं कुणी घेत नाही. बडोदं हे त्यातलं मोठं जंक्शन. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीच्या काही गावांत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात लागू केलं. म्हणजे आधी थोड्या गावांत प्रयोग, अडचणींचा अंदाज, मग विस्तार. आज यालाच पायलट प्रकल्प म्हणतात आणि त्यासाठी सल्लागार नेमतात. १९११ मध्ये गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा त्यांच्यासमोर बडोद्याचा दाखला होता. १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं, गावोगावी पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. त्याआधी १८७५ पासून सर टी. माधवराव दिवाण होते, पुढे रमेशचंद्र दत्त, मग व्ही. टी. कृष्णम्माचारी. दिवाण बदलले की धोरणाचं काय होतं, यावर एक प्रबंध सहज होईल. अजून कुणी पाठवलेला नाही.

आणि या चित्राची दुसरी बाजूही याच गावात आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९१५ मध्ये एम.ए.साठी ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासन आणि वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. १९१७ मध्ये ते संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले, तर कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत आणि गावात राहायला घर मिळेना. महाराज पुरोगामी, हुकूम स्पष्ट, आणि तरी टेबलावरून टेबलाकडे जाताना त्या हुकुमाचं काय झालं? धोरण आणि अंमलबजावणी यांतली दरी म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना शिकवायला मला यापेक्षा जळजळीत उदाहरण माहीत नाही. कमाटी बागेत फिरायला जाताना ते आठवत राहतं.

मराठी का, तर संस्थानाच्या कारभाराचा मोठा कागद मोडी लिपीत आणि मराठीत आहे. शिवाय नागपूर, कोल्हापूर, इंदूर, ग्वाल्हेर इथले अभ्यासक मराठीत लिहू पाहतात आणि त्यांना महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश या तीन राज्यांचा कारभार शेजारी ठेवून बघणारी जागा मिळत नाही. आपण गुजरातेत राहून मराठी बोलतो, त्यामुळे तुलना आपल्या अंगवळणी पडलेली आहे. घरी एक शब्द, कचेरीत दुसरा.

लेख आल्यापासून छापेपर्यंत काय होतं?

आधी कार्यालयात चाळणी होते: विषय आपला आहे का, शब्दमर्यादा, फॉन्ट युनिकोड आहे का, संदर्भ. मग लेखकाचं नाव काढून दोन वाचकांकडे. दोघांनाही लेखक माहीत नाही, लेखकाला वाचक माहीत नाहीत. वाचनाला चार आठवडे. दोघांचं जुळलं तर निर्णय सोपा. एक म्हणतो छापा, दुसरा म्हणतो फेका, तर तिसरा वाचक. अंतिम निर्णय संपादकांचा. वाचकाचं मत हे मत असतं, मतदान नव्हे. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, कारण 'मी नाही म्हटलं होतं तरी छापलं' असे रुसवे दरवर्षी होतात.

परीक्षण कसं लिहायचं? नमुना मिळेल का?

कसं लिहू नये याचे नमुने खोलीभर आहेत. सर्वांत लोकप्रिय हा: "लेख अभ्यासपूर्ण आहे. छापण्यास हरकत नाही." दुसरा त्याचा जुळा भाऊ: "लेखात नावीन्य नाही. नाकारावा." या दोन्हींतून संपादकाला काही कळत नाही आणि लेखकाला तर काहीच नाही. चार महिने घालवून लिहिलेल्या तीस पानांना चार शब्दांचं उत्तर देणं हा उद्धटपणा आहे, भले तो कौतुकाचा असो.

मी स्वतः असं करतो. पहिल्या वाचनात पेन हातात घेत नाही. वाचून झाल्यावर लेख मिटतो आणि लेखकाचं म्हणणं माझ्या शब्दांत तीन वाक्यांत लिहितो. ती तीन वाक्यं लिहिता आली नाहीत, तर दोष बहुधा लेखाचा असतो, आणि तेच पहिलं निरीक्षण म्हणून लिहायचं. परीक्षणाची सुरुवातही याच तीन वाक्यांनी करा. लेखकाला कळतं की समोरच्यानं खरंच वाचलंय, आणि पुढची टीका तो ऐकून घेतो.

दुसऱ्या वाचनात एकच प्रश्न धरायचा: हे याला कसं कळलं? 'ग्रामसभेत महिलांचा सहभाग वाढला आहे' असं वाक्य दिसलं की थांबा. कशावरून? हजेरीपटावरून? मग सह्या तिथेच झाल्या, की नंतर घरोघरी वही फिरली? बोलण्यावरून? मग ठराव मांडला कुणी? सरपंचबाई खुर्चीत आणि बोलणारे त्यांचे यजमान, हे आपल्यातल्या कोणीही पाहिलेलं दृश्य आहे. लेखकानं तेही पाहून लिहिलं असेल तर उत्तम, नसेल तर विचारा. विचारायचं, आरोप करायचा नाही.

मग मोठ्या आणि छोट्या गोष्टी वेगळ्या करा. निष्कर्ष पुराव्यातून निघत नाही, ही मोठी गोष्ट. दुसऱ्या तक्त्यातली बेरीज चुकली, ही छोटी, पण लिहायची. ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही पाहू नका, आमच्याकडे त्यासाठी एक कडक ताई आहेत.

सर्वांत जास्त येणारा लेख कोणता, तेही सांगून ठेवतो म्हणजे धक्का बसणार नाही. शीर्षकात 'एक चिकित्सक अभ्यास'. पहिलं वाक्य 'भारत हा खेड्यांचा देश आहे'. पुढे योजनेची उद्दिष्टं, पात्रता, लाभाची रक्कम, म्हणजे शासन निर्णयाचीच दुसऱ्या शब्दांत नक्कल. मग शंभर लोकांची प्रश्नावली, 'पूर्णतः सहमत' पासून 'पूर्णतः असहमत' पर्यंत. शेवटी 'योजनेची प्रभावी अंमलबजावणी होणे गरजेचे आहे'. यात चिकित्सा कुठे आहे ते शोधायला वेगळी प्रश्नावली लागेल. पण रागावू नका. या लेखांच्या परिशिष्टात कधी कधी सोनं असतं. एका मुलीनं प्रश्नावलीच्या शेवटी 'आणखी काही सांगायचं आहे का' असं विचारलं होतं आणि लोकांनी भरभरून लिहिलं होतं: दाखल्यासाठी किती खेपा, कोणत्या खिडकीवर कोण काय बोललं. लेखात तिनं ते वापरलंच नव्हतं. वाचकानं लिहिलं, "तक्ते काढून टाका, परिशिष्टाचा लेख करा." तो लेख आमच्या चांगल्या लेखांपैकी एक ठरला.

शेवटी शिफारस: छापा, किरकोळ सुधारणा, मोठ्या सुधारणा, नाकारा. संपादकासाठी खासगी टीप वेगळ्या कागदावर. ती चुकून लेखकाला जाऊ देऊ नका.

लेखक कोण ते मला ओळखता आलं तर?

येणारच. मराठीत लोकप्रशासनावर लिहिणारे किती, आणि त्यातले तीन राज्यांचं लिहिणारे किती? शिवाय लेखक स्वतःच गुपित फोडतात. नाव काढलेलं असतं, पण पहिल्या तळटीपेत 'माझ्या आधीच्या लेखात दाखवल्याप्रमाणे', किंवा फाईलच्या गुणधर्मांत लेखकाचं नाव तसंच. फाईलचं आम्ही कार्यालयात बघतो. तळटीप निसटली तर कळवा.

ओळखलंत म्हणून लेख परत करायची गरज नाही. लेखक नातेवाईक, मार्गदर्शन केलेला विद्यार्थी, सध्याचा सहकारी, सोबत लेख लिहिलेला किंवा ज्याच्याशी बोलणं बंद आहे असा असेल, तर परत करा. शेवटचा प्रकार लोक विसरतात. बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेल्या माणसाचं रावपुऱ्यात कुणाशी तरी भांडण असतंच, त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त आधी सांगायचं. कारण विचारलं जात नाही.

मी अजून सरकारी नोकरीत आहे. काही अडचण?

परवानगी घ्या, आणि नाव छापण्याआधी घ्या. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना १९६४ चे वर्तणूक नियम लागू आहेत. त्यांतल्या नियम ८ प्रमाणे कोणत्याही नियतकालिकाच्या संपादनात किंवा व्यवस्थापनात भाग घ्यायला पूर्वमंजुरी लागते. गुजरात राज्याच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७१ चे वेगळे नियम आहेत, अखिल भारतीय सेवांसाठी १९६८ चे. आपापल्या आस्थापना शाखेत विचारा. 'हे तर शैक्षणिक आहे, याला कोण काय म्हणतंय' असं समजून पुढे जाऊ नका. मानद असलं तरी संपादन ते संपादनच. मंजुरी येईपर्यंत तुम्ही मंडळात नाही, तुमच्याकडे लेखही येणार नाही.

विद्यापीठातल्यांनी आपल्या विभागप्रमुखांना कळवलं की बहुधा पुरतं.

पारिभाषिक शब्द कोणते वापरायचे? महाराष्ट्राचे की गुजरातचे?

इथे बैठका लांबतात. एकदा आमच्याकडून एक लेख जसाच्या तसा छापला गेला. त्यात गुजरातच्या ग्रामपंचायतीबद्दल लिहिताना लेखकानं 'तलाटी-कम-मंत्री' हे पदनाम सरळ ठेवलं होतं. सांगलीहून एका वाचकाचं कार्ड आलं: "आपल्याकडे मंत्र्यांना एवढा वेळ कसा मिळतो?" गुजरातीत मंत्री म्हणजे चिटणीस, सचिव. आम्हाला इथे राहून ते इतकं सवयीचं, की कुणाच्या लक्षातच आलं नाही.

हसण्यावारी नेण्यासारखं ते नाही. गुजरातेत गावपातळीवर पंचायतीचं दप्तर आणि महसुलाचं बरंचसं काम हे तलाटी-कम-मंत्री या एका पदावर एकत्र येतात, शिवाय महसुली तलाटी हे वेगळं पदही आहे. महाराष्ट्रात ती दोन माणसं: ग्रामसेवक आणि तलाटी, आता ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी. 'दोन्ही राज्यांतल्या तलाट्यांच्या कामाच्या भाराची तुलना' असा लेख आला, तर तुलना कोणाची कोणाशी हा पहिला प्रश्न. मध्य प्रदेशातून पटवारी येतो आणि मग तिढा आणखी वाढतो. तसंच, गुजरातेत तालुक्याचा मामलतदार, महाराष्ट्रात तहसीलदार. इथे जिल्हा पंचायतीचा जिल्हा विकास अधिकारी, तिथे जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी. नावं वेगळी आहेत एवढंच नाही, अधिकारही हुबेहूब सारखे नाहीत.

आणि सगळ्यांत फसवा शब्द वहीवट. गुजरातीत 'जाहेर वहीवट' म्हणजे आपला विषयच, लोकप्रशासन. मराठीत वहिवाट म्हणजे बांधावरून जायची वाट नाहीतर जमिनीचा वापर, ज्यावरून भावाभावांत कज्जे होतात. बडोदे संस्थानात तालुक्याच्या अधिकाऱ्याला वहिवाटदार म्हणत. जुन्या कागदातलं 'वहिवाटदार' पाहून एका तरुण अभ्यासकानं तो कूळ समजला आणि अर्धा लेख शेतसाऱ्यावर नेला. मुलगा हुशार होता, पुन्हा लिहून दिलं त्यानं.

आमचा नियम साधा आहे. पदनाम त्या त्या राज्याचं ठेवायचं, पहिल्यांदा आलं की एका वाक्यात काम सांगायचं, आणि भाषांतर करून दुसऱ्या राज्याचं पद चिकटवायचं नाही. संकल्पनांसाठी महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे कोश चालतात, पण वाचकाला न समजणारा शब्द कोशात आहे म्हणून लादायचा नाही. 'बजेट' चालतं. 'अर्थसंकल्प'ही चालतो. एकाच लेखात दोन्ही मात्र नकोत.

हा वाद नवा नाही, याचंही समाधान आहे. १९३१ मध्ये याच संस्थानानं 'श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु' हा आठ भाषांतला कारभाराच्या शब्दांचा कोश काढला. इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली. एका शब्दासाठी आठ रकान्यांशी झगडणाऱ्या त्या मंडळींच्या बैठका किती चालल्या असतील, याचा विचार करून आम्ही आमच्या बैठकीत आणखी एक चहा मागवतो.

साहित्यचोरी कशी ओळखायची? सॉफ्टवेअर आहे ना?

आहे, पण त्याच्यावर फार विसंबू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला शिक्षा नाही, पुढे दहा ते चाळीस, चाळीस ते साठ आणि साठच्या वर अशा पायऱ्या आहेत. अवतरणं, संदर्भसूची, कायद्याचा मजकूर त्यातून वगळतात. आपल्या लेखांत कलमंच्या कलमं उद्धृत असतात, त्यामुळे हे वगळणं महत्त्वाचं. नाहीतर पंचायत कायद्यावरचा प्रत्येक लेख चोर ठरेल.

मराठीत खरी भीती उलटी आहे. शून्य टक्के अहवाल आला की मी सावध होतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेला लेख मशीनला निव्वळ अक्षरांचा चिवडा दिसतो आणि तो कशाशीच जुळत नाही. म्हणून फक्त युनिकोड. इंग्रजी लेखाचं मराठी भाषांतर करून आपल्या नावावर खपवलेलं असेल तर तेही सॉफ्टवेअरला सापडायची खात्री नाही. तिथे तुमचा कान लागतो. मराठी वाक्य चालता चालता एकदम पायात पाय अडकल्यासारखं झालं, 'हे नोंद घेणे मनोरंजक आहे' असं काही दिसलं, की त्या परिच्छेदाला खूण करा.

आणि एआयनं लिहिलेले लेख?

भाषा तपासायला वापरलं असेल तर लेखकानं तसं लिहायचं. लेखक म्हणून यंत्राचं नाव चालत नाही, कारण उद्या चूक निघाली तर जबाब कोण देणार? प्रकाशन नीतीवर काम करणाऱ्या 'कोप' या आंतरराष्ट्रीय समितीची भूमिकाही हीच आहे. संदर्भ मात्र डोळ्यात तेल घालून बघा. अस्तित्वातच नसलेली पुस्तकं आता अगदी पृष्ठक्रमांकासह येतात. प्रत्येक परीक्षणात निदान तीन संदर्भ उघडून बघावेत अशी विनंती आहे.

तुमच्याकडे आलेला लेख मात्र कुठल्याही यंत्राला खाऊ घालू नका. तो छापून झालेला नाही, लेखकानं विश्वासानं दिलेला आहे.

आपलं नियतकालिक यूजीसी केअर यादीत आहे का? सगळे लेखक विचारतात.

त्यांना सांगा, मान्य नियतकालिकांची ती यादीच राहिली नाही. २०१८ मध्ये सुरू झालेली ही व्यवस्था यूजीसीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आता नियतकालिक कसं निवडावं याची मार्गदर्शक सूत्रं दिली आहेत आणि पारख संस्थांवर सोपवली आहे. यादी होती तेव्हा लेखक लेख वाचून नव्हे, यादी बघून आमच्याकडे येत. आता कमी येतात, पण जे येतात त्यांनी आधीचा अंक चाळलेला असतो असा माझा अनुभव. आयएसएसएन आहे, पण तो दर्जाचा शिक्का नाही, निव्वळ ओळखक्रमांक आहे. 'आयएसएसएन प्राप्त आंतरराष्ट्रीय नियतकालिक' अशा जाहिराती करणाऱ्यांपासून आपल्या विद्यार्थ्यांना लांब ठेवा.

लेखकांकडून पैसे घेता का? आम्हाला मानधन?

नाही आणि नाही. वर्गणी आणि थोड्या देणग्यांवर चालतं. तुमच्या नावाचा वापर करून कुणी 'तीन हजारात छापून देतो' म्हणालं तर लगेच कळवा. असे फोन लेखकांना जातात.

माझा स्वतःचा लेख देऊ शकतो का?

हो, वर्षाला एक. तो बाहेरच्या वाचकांकडे जातो आणि त्यावरची चर्चा होताना तुम्ही खोलीबाहेर चहा प्यायचा. नाकारलेही गेले आहेत. माझाच एक.

विषय सुचवता येईल का?

जरूर, आम्ही वाटच बघतो. बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या पुराचंच बघा. काळ्या घोड्याच्या पुलाशी २६ फूट म्हणजे धोक्याची पातळी, हे बडोद्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, आणि पावसाळ्यात आजवा तलावाची पातळी किती फूट ते पानवालाही सांगतो. नागरिकांना आकडे इतके पाठ असलेलं शहर, तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये घराघरांत पाणी शिरलं. पाणी सोडायचं कुणी ठरवायचं, कळवायचं कुणी, नाला साफ करायचा कुणी? महापालिका, जिल्हाधिकारी आणि पाटबंधारे यांच्यात हे कसं वाटलेलं आहे, यावर कागदपत्रांनिशी लेख हवा. दोष कुणाच्या माथी मारायचा नाही, निर्णय कोणत्या टेबलावर किती वेळ थांबला ते दाखवायचं. अभियंते काका, हे तुमच्याकडे बघून लिहितोय.

छापून झाल्यावर चूक निघाली तर?

लपवायची नाही. आकडा चुकला तर पुढच्या अंकात दुरुस्ती, ठळक जागी. मूळ निष्कर्षच कोसळत असेल किंवा मजकूर चोरलेला असेल, तर लेख मागे घेतल्याची सूचना कारणासह. लेखकाला आधी बाजू मांडायला दोन आठवडे मिळतात. लेखक वजनदार असला की फोन येतात, 'कशाला वाढवताय' म्हणून. असा फोन तुम्हाला आला तर 'संपादकांशी बोला' एवढंच म्हणा. वाईटपणा घ्यायलाच संपादक असतो.

बैठका कधी, कुठे?

वर्षातून दोन, त्यांतली एक प्रत्यक्ष बडोद्यात, दुसरी ऑनलाइन. प्रत्यक्ष बैठक उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, आठवड्यात ठेवत नाही; एकदा ठेवली होती, तीन जण आले आणि त्यांचंही लक्ष गच्चीवर होतं. बाहेरगावच्या सदस्यांना रेल्वेचं दुसऱ्या वर्गाचं भाडं मिळतं. चहाबरोबर लीलो चिवडा असतो, त्याबद्दल आजवर तक्रार नाही.

वेळ झाला नाही तर? मुदत संपण्याआधी सोडता येतं?

येतं, एका ओळीच्या पत्रानं. लेख हातात असेल तर तो परत करून मग. खरं सांगायचं तर 'या महिन्यात जमणार नाही' असं तिसऱ्या दिवशी सांगणारा सदस्य आम्हाला प्रिय असतो. चौथ्या आठवड्यात 'अजून उघडला नाही' म्हणणारा नाही. त्या लेखाच्या पलीकडे बहुधा एखादी पीएच.डी. अडकलेली असते, आणि तो विद्यार्थी दर सोमवारी आम्हाला फोन करतो.

अंकाच्या प्रती किती मिळतात?

दोन. जास्त हव्या असतील तर आधी सांगा, छपाई मोजकीच होते.